सेट-नेटचा शनिवार-रविवार वर्ग : पहिल्या पेपरासाठी घ्यावा, दुसऱ्यासाठी नाही

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ आणि अप्पा बळवंत चौक या परिसरात स्पर्धा परीक्षांच्या वर्गांची जी दाटी आहे, तिच्यात सेट (राज्य पातळीवरील) आणि नेट (राष्ट्रीय पातळीवरील) या सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांचे वर्ग संख्येने थोडे आणि आकाराने लहान आहेत. राज्यसेवेच्या वर्गांचे फलक चौकाचौकांत झळकतात. सहायक प्राध्यापक होऊ पाहणाऱ्याला मात्र जिन्याशेजारच्या छोट्या पाटीवरून आपला वर्ग शोधून काढावा लागतो. अशाच एका वर्गाचा शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम मी ४०व्या सेट परीक्षेच्या आधी पूर्ण केला. मराठी विषयात एम.ए. केल्यानंतर तासिका तत्त्वावर शिकवत असल्यामुळे आठवड्याचे इतर दिवस मोकळे नव्हते आणि दहावीनंतर गणिताशी काही संबंध उरला नव्हता, या दोन कारणांमुळे मी तेथे प्रवेश घेतला. वर्गाचे नाव येथे देत नाही; याच साच्याचे आणखी काही वर्ग त्या भागात आहेत आणि पुढे जे लिहिले आहे त्यातील बरेचसे त्यांनाही लागू पडेल.

संपूर्ण अभ्यासक्रमाचे शुल्क १२,००० रुपये आहे. त्यात दोन्ही पेपरांची (पहिला सर्वांना समान, दुसरा आपापल्या विषयाचा) व्याख्याने, छापील टिपणांचे संच, सराव चाचण्या आणि मोबाइलवरील ॲपमध्ये व्याख्यानांची मुद्रणे (रेकॉर्डिंग) एवढे मिळते. केवळ पहिल्या पेपरासाठी प्रवेश घेतल्यास शुल्क निम्म्याहूनही कमी होते. पण ही सोय माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापलेली आहे आणि आपण होऊन विचारल्याशिवाय कार्यालयातील कोणी तिचा उल्लेख करत नाही. या परीक्षणाचा बराचसा निष्कर्ष त्या बारीक अक्षरांतच दडलेला आहे, असे म्हटले तरी चालेल.

आधी जाहिरातीविषयी. प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहिले आहे की, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि केवळ ४० टक्के गुण पुरेसे आहेत. यातील पहिले विधान पूर्ण खरे आहे आणि दुसरे अर्धेच खरे आहे. पहिल्या पेपरात ५० प्रश्न व १०० गुण, दुसऱ्यात १०० प्रश्न व २०० गुण, अशी सेट आणि नेट या दोन्ही परीक्षांची रचना आहे. दोन्ही पेपर मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ४० टक्के आणि आरक्षित प्रवर्गांना किमान ३५ टक्के गुण लागतात. मात्र एवढे गुण मिळाले म्हणजे उमेदवार उत्तीर्ण होतो असे नाही. तो केवळ विचारात घेण्यास पात्र ठरतो. दोन्ही पेपरांना उपस्थित राहिलेल्या एकूण उमेदवारांच्या ६ टक्के एवढ्याच जागा असतात. त्या आधी आरक्षणाच्या प्रमाणात प्रवर्गनिहाय वाटल्या जातात आणि मग प्रत्येक प्रवर्गाच्या जागा निरनिराळ्या विषयांत विभागल्या जातात. ही विभागणी करताना त्या प्रवर्गातील किती उमेदवारांनी त्या विषयात किमान गुण मिळवले आहेत आणि सर्व विषय मिळून त्या प्रवर्गात असे किती उमेदवार आहेत, याचे गुणोत्तर पाहिले जाते. म्हणून प्रत्येक विषयाची आणि प्रत्येक प्रवर्गाची सीमारेषा वेगळी असते, ती दर परीक्षेला बदलते, आणि ३०० पैकी १२० गुण मिळवून निश्चिंत झालेल्या उमेदवाराला निकालाच्या दिवशी काय घडले तेच कळत नाही.

हा सारा हिशेब पहिल्याच रविवारी पहिल्या पेपराच्या सरांनी फळ्यावर काढून दाखवला आणि तो अतिशय नेमका होता. वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांना तो प्रथमच समजत होता, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होते. जिन्याजवळचा फलक मात्र अभ्यासक्रम संपेपर्यंत तसाच राहिला. शिकवणारे आणि जाहिरात करणारे एकमेकांशी बोलत नसावेत, अशी शंका पुढेही अनेकदा आली.

पहिल्या पेपराच्या अभ्यासक्रमात दहा घटक आहेत: अध्यापन अभियोग्यता, संशोधन अभियोग्यता, उताऱ्याचे आकलन, संप्रेषण, गणितीय क्षमता, तार्किक युक्तिवाद, माहितीचे अर्थनिर्वचन, माहिती-तंत्रज्ञान, लोक-विकास-पर्यावरण आणि उच्च शिक्षण व्यवस्था. यांपैकी गणित, तर्क आणि माहितीचे अर्थनिर्वचन हे तीन घटक म्हणजे या वर्गाची खरी मिळकत आहे. कला शाखेतून आलेला विद्यार्थी या घटकांना घाबरून ते सोडून देतो आणि मग उरलेल्या घटकांत शंभर टक्के गुण मिळवण्याची अशक्य जबाबदारी स्वतःवर घेतो. सरांनी पहिल्या व्याख्यानापासून हीच सवय मोडायला घेतली. सेटमध्ये गणकयंत्राला परवानगी नसते, तेव्हा आकडेमोड करून नव्हे तर पर्याय गाळून उत्तर काढायला शिकले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. एखाद्या महाविद्यालयाच्या शाखानिहाय विद्यार्थिसंख्येचा तक्ता घेऊन ते विचारत, की वाणिज्य शाखेत किती टक्के वाढ झाली. मुले लांबलचक भागाकार मांडू लागली, की ते हात वर करून थांबवत. १६.६६ टक्के म्हणजे एक षष्ठांश आणि १२.५ टक्के म्हणजे एक अष्टमांश, एवढे पाठ असले तर चारपैकी दोन पर्याय नुसत्या नजरेने गळतात, हे ते तिथल्या तिथे दाखवून देत. एखाद्या वस्तूची किंमत २० टक्क्यांनी वाढवून पुन्हा २० टक्क्यांनी कमी केली तर ती मूळ किमतीवर येत नाही, ४ टक्क्यांनी उतरते, या साध्या उदाहरणावर त्यांनी जवळजवळ अर्धा तास घालवला. तो अर्धा तास सार्थकी लागला, कारण टक्केवारीवरचा प्रश्न कोणत्याही वेशात आला तरी त्याचा सांगाडा तोच असतो.

भारतीय तर्कशास्त्राचा भाग एका मॅडमनी शिकवला. २०१९ पासून लागू असलेल्या नेटच्या अभ्यासक्रमात प्रमाणे (ज्ञानाची साधने), अनुमानाची रचना, व्याप्ती (हेतू आणि साध्य यांचा अटळ संबंध) आणि हेत्वाभास (अनुमानातील दोष) यांचा समावेश आहे. बहुतेक ठिकाणी हा भाग सहा प्रमाणांची नावे आणि पाच हेत्वाभासांची नावे पाठ करून उरकला जातो, असे तेथे दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा तयारी करणाऱ्या अनेकांनी सांगितले. मॅडमनी नावे फळ्यावर लिहिलीच नाहीत. त्यांनी ‘पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे’ हे नेहमीचे अनुमान घेतले, प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन हे पाच अवयव एकेका विद्यार्थ्याकडून वदवून घेतले, आणि मग विधान उलटे केले: पर्वतावर धूर आहे, कारण तेथे अग्नी आहे. वर्गातील बहुतेकांनी होकारार्थी मान डोलावली. तेव्हा त्यांनी लोहाराच्या भट्टीतून काढलेल्या लालबुंद लोखंडी गोळ्याची आठवण करून दिली; त्यात अग्नी आहे, धूर नाही. व्याप्ती एका दिशेने खरी असली म्हणून ती उलट दिशेने खरी असेलच असे नाही, हे त्यानंतर कोणाला वेगळे सांगावे लागले नाही. अंगाने भरलेला देवदत्त दिवसा जेवत नाही, म्हणजे तो रात्री जेवत असला पाहिजे, या अर्थापत्तीच्या पारंपरिक उदाहरणावर वर्ग हसला, पण प्रश्नपत्रिकेत अर्थापत्ती आणि अनुमान यांतील फरक विचारला तर आता कोणी चुकणार नाही. शब्द (म्हणजे ध्वनी) हा गुण आहे, कारण तो डोळ्यांनी दिसतो, या अनुमानात दोष नेमका कोठे आहे हे त्यांनी गृहपाठ म्हणून दिले आणि पुढच्या आठवड्यात प्रत्येकाकडून उत्तर ऐकून घेतले. हेतूच पक्षाच्या (ज्याविषयी अनुमान करायचे त्याच्या, येथे शब्दाच्या) ठायी नाही, म्हणून तो असिद्ध, असे उत्तर मागच्या बाकावरून आले, तेव्हा मॅडमना जो आनंद झाला तो पगारासाठी शिकवणाऱ्याचा नव्हता.

पाश्चात्य तर्कशास्त्रातील विधानांचा विरोधचौकोनही याच पद्धतीने झाला. ‘सर्व प्राध्यापक संशोधक आहेत’ आणि ‘एकही प्राध्यापक संशोधक नाही’ ही दोन विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, पण दोन्ही खोटी असू शकतात. उलट ‘काही आहेत’ आणि ‘काही नाहीत’ ही दोन्ही खरी असू शकतात, पण दोन्ही खोटी असू शकत नाहीत. उदाहरण म्हणून प्राध्यापक आणि संशोधक घेतल्यामुळे वर्गात थोडी कुजबुज झाली, तीही अभ्यासाला पूरकच ठरली.

याच्या नेमके उलट चित्र उच्च शिक्षण, पर्यावरण आणि माहिती-तंत्रज्ञान या घटकांत दिसले. हे तीन घटक टिपणांवर सोपवलेले आहेत आणि टिपणे शिळी आहेत. केंद्रीय मंत्रालयाचे नाव २०२० मध्ये बदलून शिक्षण मंत्रालय झाले असताना टिपणांत अजून मानव संसाधन विकास मंत्रालयच नांदते आहे. नेट परीक्षा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ घेते, असे एका पानावर छापलेले आहे. हे काम डिसेंबर २०१८ पासून राष्ट्रीय परीक्षा संस्थेकडे गेले आहे. जी परीक्षा आपण द्यायला निघालो आहोत तिच्याचविषयी टिपणांत चुकीची माहिती असावी, याला काय म्हणावे? पर्यावरणाच्या भागात १९८७ चा माँट्रियल करार, १९९२ ची रिओ परिषद, १९९७ चा क्योटो करार आणि २०१५ चा पॅरिस करार यांची वर्षे आहेत, पण कोणता करार ओझोनच्या थराविषयी आहे आणि कोणता तापमानवाढीविषयी, हे एका वाक्यातही सांगितलेले नाही. प्रश्न तर जोड्या लावण्याच्या स्वरूपात नेमका तेथेच येतो. राधाकृष्णन आयोग आणि कोठारी आयोग या शिक्षणविषयक आयोगांच्या शिफारशींचीही तीच गत आहे: वर्षे बरोबर, आशय गायब. सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य करण्याचा निर्णय मागे पडून १ जुलै २०२३ पासून नेट, सेट किंवा स्लेट (राज्यस्तरीय परीक्षेचेच दुसरे नाव) हीच थेट भरतीची किमान अर्हता राहिली, ही गोष्ट या वर्गातील प्रत्येकाच्या पोटापाण्याशी निगडित होती. टिपणांत तिचा पत्ता नव्हता, ती मुलांनी एकमेकांना सांगितली.

संशोधन अभियोग्यतेचा घटक या दोहोंच्या मध्ये कोठे तरी आहे. शिकवणारे सर स्वतः संशोधक असल्यामुळे नमुनानिवडीच्या पद्धती, मापनाच्या चार श्रेणी आणि गृहीतकाची चाचणी या गोष्टी त्यांनी स्वतःच्या प्रबंधातील कामाच्या आधारे समजावल्या. मात्र त्याच घटकाच्या सराव चाचणीत, खरे असलेले शून्य गृहीतक फेटाळणे ही दुसऱ्या प्रकारची त्रुटी असल्याचे उत्तरसूचीत दिलेले होते. ती पहिल्या प्रकारची त्रुटी आहे. हे लक्षात आणून दिल्यावर ॲपमधील उत्तर दोन दिवसांत दुरुस्त झाले, पण पुढच्या तुकडीला वाटलेल्या छापील संचात चूक कायम होती, असे त्या तुकडीतील एका मैत्रिणीने कळवले.

आता दुसऱ्या पेपराकडे येऊ. एकाच वर्गात मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, वाणिज्य अशा निरनिराळ्या विषयांचे विद्यार्थी असल्यामुळे प्रत्येक विषयाला स्वतंत्र व्याख्याते बोलावले जातात आणि प्रत्येकाच्या वाट्याला मोजकेच तास येतात. २०० गुणांचा पेपर या तासांत मावणार नाही, हे उघड आहे. प्रश्न असा, की उपलब्ध तास कशावर खर्च केले जातात. मराठीच्या तासांत ते याद्यांवर खर्च झाले. वि. स. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे यांना अनुक्रमे १९७४, १९८७, २००३ आणि २०१४ या वर्षांचे ज्ञानपीठ मिळाले, हे घरी बसून पाच मिनिटांत पाठ होते. त्यासाठी टिळक रस्त्यावरच्या रहदारीतून वाट काढत येण्याची गरज नाही. एम.ए.ला बसलेल्या विद्यार्थ्याला अडते ते काव्यशास्त्र, समीक्षापद्धती आणि भाषाविज्ञान.

काव्यशास्त्राचे उदाहरण घेऊन हे स्पष्ट करता येईल. भरताच्या रससूत्राच्या (नाट्यातून रस कसा निर्माण होतो ते सांगणाऱ्या सूत्राच्या) चार भाष्यकारांची जोडी लावा, असा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याला अपेक्षित असतो: भट्ट लोल्लटाचा उत्पत्तिवाद, श्रीशंकुकाचा अनुमितिवाद, भट्टनायकाचा भुक्तिवाद आणि अभिनवगुप्ताचा अभिव्यक्तिवाद. व्याख्यात्यांनी या चार नावांची आद्याक्षरे जोडून एक वाक्य तयार करून दिले आणि ते पुढे गेले. परंतु जोड्या लावण्याच्या प्रश्नाला आता कोणी फारसे फसत नाही. विधान आणि कारण, किंवा दोन विधाने देऊन त्यांपैकी कोणते बरोबर, अशा घाटाचे प्रश्न आले, की चित्रतुरगन्याय श्रीशंकुकालाच का लागला, आणि साधारणीकरणाची (एकाची भावना सर्वांची होण्याची) कल्पना भट्टनायकाच्या मांडणीत कोणती अडचण सोडवते, हे समजलेले असावे लागते. चित्रातला घोडा खरा नसतो, खोटाही म्हणता येत नाही, तरी तो घोडा म्हणूनच ओळखला जातो, आणि रंगमंचावरील नटात राम पाहणारा प्रेक्षक याच प्रकारच्या प्रतीतीतून अनुमान करतो, एवढे पाच मिनिटांत सांगता आले असते. सांगितले गेले नाही. भाषाविज्ञानाविषयी तर, त्यावर थोडेच प्रश्न येतात, असे म्हणून तो घटक विद्यार्थ्यांवर सोपवण्यात आला. स्वनिम, रूपिम आणि भाषाव्यवस्था विरुद्ध भाषिक वर्तन या संकल्पना ज्याला महाविद्यालयातच नीट शिकवल्या गेल्या नसतील, त्याने आणखी कोठे जावे?

इतिहास आणि राज्यशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांशी बोलताना त्यांचाही अनुभव थोड्याफार फरकाने असाच असल्याचे कळले. वाणिज्यच्या विद्यार्थ्यांचे मत बरे होते, पण त्यांचे व्याख्याते पहिल्या पेपरातील गणिताचेच सर होते, हे लक्षात घेतले पाहिजे.

सराव चाचण्यांची संख्या भरपूर आहे, त्यांचा घाट मात्र चुकलेला आहे. सेटमध्ये पहिल्या पेपराला एक तास आणि दुसऱ्याला दोन तास असतात आणि मध्ये सुटी असते. उत्तरे कागदावरील गोल काळे करून नोंदवायची असतात. नेट संगणकावर होते आणि तिचे दोन्ही पेपर सलग तीन तासांत, मध्ये न थांबता सोडवायचे असतात. हा फरक वरवरचा वाटतो, पण त्यावर वेळेचे सगळे नियोजन उभे आहे. दोन्ही ठिकाणी प्रत्येक प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद मिळतात हे खरे, तरी नेटमध्ये आपल्या विषयाचा पेपर लवकर आटोपून उरलेला वेळ गणिताच्या तक्त्यांना देता येतो. सेटमध्ये पहिल्या पेपराचा तास संपला की संपला, दुसऱ्या पेपरात वाचवलेली मिनिटे तिकडे नेता येत नाहीत. मराठी, हिंदी किंवा इतिहास यांसारख्या विषयाच्या विद्यार्थ्याला, ज्याचा दुसरा पेपर बराच आधी संपतो, हा फरक काही गुणांचा पडू शकतो. वर्गातील सर्व चाचण्या मात्र ॲपवर, सलग तीन तासांच्या आहेत. सेटसाठी आलेल्यांनी कागदावरील चाचणी मागितली तेव्हा ती एकदाच घेण्यात आली. त्या दिवशी कितीतरी जणांच्या लक्षात आले, की ५० गोल नीट भरायलाच काही मिनिटे जातात आणि ती ७२ सेकंदांच्या हिशेबात कोणी धरलेली नव्हती.

चाचणीनंतरच्या स्पष्टीकरणांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बहुतेक प्रश्नांना ‘योग्य पर्याय : क’ एवढेच स्पष्टीकरण आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ ही सेटची समन्वयक संस्था आहे आणि तिच्या सेट विभागाच्या संकेतस्थळावर आधीच्या प्रश्नपत्रिका उत्तरसूचींसह विनामूल्य मिळतात. प्रश्न मुळात कसा विचारला जातो, भाषांतरित मराठी वाक्य कोठे अडखळते आणि अशा वेळी इंग्रजी प्रश्न कसा पडताळून पाहायचा, हे त्या प्रश्नपत्रिकांतून जितके कळते तितके या ॲपमधील चाचण्यांतून कळत नाही. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने आणखी एक लक्षात ठेवावे: भाषाविषय सोडले तर नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदी याच भाषांत असते, मराठीचा पर्याय सेटमध्येच आहे. वर्गात पहिला पेपर मराठीतून शिकवतात आणि संज्ञा इंग्रजीत फळ्यावर लिहितात. हा तोडगा दोन्ही परीक्षांना उपयोगी पडतो आणि त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

दोन्ही परीक्षांचे अर्ज भरा, हा त्यांचा सल्लाही रास्त आहे. सेटची पात्रता महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांपुरती मर्यादित आहे, नेटची देशभर चालते. तिशीच्या आतील उमेदवाराला नेटमधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवण्याची संधी असते, जिची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी वयाची अट नाही; आमच्या तुकडीत चाळिशी ओलांडलेले काही जण होते आणि वर्गात सर्वांत नियमित तेच होते.

जागेविषयी थोडक्यात. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, उद्वाहन नाही, पंखे आहेत पण उन्हाळ्यात अपुरे पडतात. बाक अरुंद असल्यामुळे तीन तासांची चाचणी देताना पाठ धरते. ध्वनिक्षेपक नाही आणि लहान वर्गाला त्याची गरजही नाही. खालच्या मजल्यावरील अभ्यासिका वेगळ्या मालकाची आहे आणि तिचे शुल्क वेगळे आहे. प्रवेश घेताना ती वर्गाचाच भाग असल्याचा समज होतो, तो दूर करून घ्यावा. कार्यालयातील ताई मात्र अत्यंत तत्पर आहेत. अर्जातील प्रवर्गाची नोंद, नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत, नावातील एका अक्षराचा फरक अशा गोष्टींवर त्या प्रत्येकाचा अर्ज स्वतः तपासून देतात, आणि या बाबींवर निकालानंतर कागदपत्र पडताळणीत किती जण अडकतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला या सेवेची किंमत कळेल.

ज्याला १२,००० रुपये परवडत नाहीत त्याला पर्याय नाही असे समजू नये. विषयाच्या पेपरासाठी ई-पीजी पाठशाला, स्वयम् आणि इग्नूचे ई-ज्ञानकोश ही तिन्ही शैक्षणिक संकेतस्थळे विनामूल्य आहेत. इंग्रजी वाचण्याची तयारी असेल तर त्यांतील पाठ्यसामग्री या वर्गाच्या टिपणांपेक्षा कितीतरी सरस आहे. ‘महाज्योती’ आणि ‘सारथी’ या राज्य शासनाच्या संस्थांच्या प्रशिक्षण योजनांच्या जाहिरातींवर पात्र विद्यार्थ्यांनी लक्ष ठेवावे. विज्ञान किंवा अभियांत्रिकी शाखेतून आलेल्याला या वर्गाची मुळीच गरज नाही, कारण येथे जे चांगले शिकवले जाते ते त्याला बहुधा येत असते. कला शाखेच्या, आणि त्यातही नोकरी सांभाळून तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याने केवळ पहिल्या पेपरासाठी प्रवेश घ्यावा, उरलेल्या पैशांत आपल्या विषयाची मूळ पुस्तके घ्यावीत, आणि दुसऱ्या पेपराची चर्चा एम.ए.च्या जुन्या सोबत्यांबरोबर किंवा आपल्या विभागातील शिक्षकांबरोबर करावी.

प्रवेश घेणाऱ्यांनी एक व्यावहारिक बाब मात्र आधीच पक्की करून घ्यावी. ॲपमधील मुद्रणे आणि चाचण्या आमच्या वेळी परीक्षेच्या जाहीर झालेल्या तारखेपर्यंतच खुल्या होत्या. ४ मे २०२५ रोजी ठरलेली सेट पुढे ढकलली जाऊन १५ जून २०२५ रोजी झाली आणि ज्या सहा आठवड्यांत उजळणीला खरा वेळ मिळाला असता त्याच काळात ॲप बंद झाले. बऱ्याच जणांनी एकत्र येऊन कार्यालयात विचारणा केली तेव्हा मुदत वाढवून मिळाली, परंतु मधले काही दिवस वाया गेले ते गेलेच. २०२४ मध्ये १८ जूनला झालेली नेट दुसऱ्याच दिवशी रद्द होऊन ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा घ्यावी लागली होती, तेव्हा अशी वेळ येणारच नाही असे कोणत्याही वर्गाने गृहीत धरू नये. नव्या माहितीपत्रकात मुदत ‘परीक्षा प्रत्यक्ष होईपर्यंत’ अशी छापलेली पाहिली. शुल्काच्या पावतीवर मात्र अजून जुनीच ओळ आहे, तेव्हा पैसे भरतानाच ती खोडून नवी लिहून घ्यावी आणि शेजारी सही घ्यावी.